लोकरीचे उंदीर, गायींचा गोठा आणि ऑलिव्हर पोस्टगेट

चिंचोका

गेले तीन आठवडे आमच्या घरात बोलणं कमी आणि शिट्ट्या जास्त चालू आहेत. नणंद इंग्लंडहून येताना लेकीसाठी 'क्लँगर्स'ची जुनी डीव्हीडी घेऊन आली. माळ्यावरून प्लेअर काढला, धूळ झटकली, आणि कसं कोण जाणे, तो चालला! तेव्हापासून सात वर्षांची आमची बया जेवायला मागते तीही शिट्टीतच.

ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. चंद्रासारखा एक उजाड गोळा. त्यावर खड्डे, खड्ड्यांवर पत्र्याची झाकणं. झाकण खण्णकन उघडतं आणि आतून लांब नाकाचा, गुलाबी लोकरीचा, उंदरासारखा प्राणी डोकं वर काढतो. त्या खण्णकन आवाजावरूनच त्यांचं नाव क्लँगर. खाली जमिनीच्या पोटात एक ड्रॅगनबाई राहते, ती सगळ्यांना सूप वाढते. बीबीसीवर ही मालिका १९६९च्या नोव्हेंबरमध्ये सुरू झाली, माणूस चंद्रावर उतरून तेव्हा चार महिनेही झाले नव्हते.

तर हे केलं कोणी, म्हणून शोधत गेले आणि रात्रीचे दोन कधी वाजले कळलं नाही. ऑलिव्हर पोस्टगेट, जन्म १९२५. आजोबा जॉर्ज लान्सबरी, म्हणजे ब्रिटनच्या मजूर पक्षाचे एकेकाळचे नेते. नातवाने दुसऱ्या महायुद्धात बंदूक धरायला नकार दिला आणि तुरुंगात जाऊन आला. मग शेतावर काम, युद्धानंतर जर्मनीत रेड क्रॉसबरोबर मदतकार्य, मग नाटकाचं शिक्षण, मग काही ना काही शोध लावत बसणं. आमच्याकडे अशा मुलाला 'याचं काही खरं नाही' म्हणतात. १९५७ साली, बत्तिशीत, तो लंडनच्या असोसिएटेड-रेडिफ्यूजन या टीव्ही कंपनीत स्टेज मॅनेजर म्हणून चिकटला. तिथले लहान मुलांचे कार्यक्रम पाहिले आणि त्याला वाटलं की यापेक्षा बरं आपण करू.

पहिला प्रयोग 'अलेक्झांडर द माउस'. टेबलाखालून लोहचुंबक फिरवायचं, वर उंदीर पळायचा, आणि हे सगळं थेट प्रक्षेपणात. चुंबकाची बाजू चुकली की उंदीर उताणा! याच कामासाठी त्याला भरपूर चित्रं स्वस्तात काढून देणारा कोणीतरी हवा होता. भेटला पीटर फर्मिन, कलाशाळेत शिकवणारा आणि पैशांची चणचण असलेला. दोघांची जोडी जमली ती पुढे तीस वर्षं. कंपनीचं नाव स्मॉलफिल्म्स. स्टुडिओ म्हणजे केंट परगण्यात, कँटरबरीजवळच्या ब्लीन गावी, फर्मिनच्या शेतातला गायींचा वापरात नसलेला गोठा.

फर्मिनने बाहुल्या आणि चित्रं करायची. पोस्टगेटने गोष्ट लिहायची, बाहुली हलवायची, कॅमेरा चालवायचा आणि वर निवेदनही करायचं. बाहुली जराशी सरकवायची आणि एक फ्रेम, म्हणजे एक स्थिर चित्र, घ्यायची. दर वेळी एकच फ्रेम टिपली जावी म्हणून कॅमेऱ्याला त्याने घरीच एक खटका बनवून लावला होता. क्लँगरच्या पोटात मेकॅनो या जोडणीच्या खेळण्यातल्या धातूच्या पट्ट्यांचा सांगाडा आणि बाहेरून पीटरची बायको जोन हिने विणलेलं अंग. असं करत हा माणूस दिवसाला दोन मिनिटांची फिल्म काढायचा म्हणे, नेहमीच्या स्टुडिओच्या दहापट.

माझा प्रश्न साधा आहे. एकेक फ्रेम बाहुली सरकवत आयुष्य काढणं हे 'करिअर' होऊ शकतं का? लेकीने परवाच जाहीर केलंय की ती मोठेपणी 'हलवणारी' होणार. इथे कोणी हे काम करतं का?

घासलेट

म्हणजे मोठ्या माणसाने भातुकली खेळायची आणि बीबीसीने त्याचे पैसे द्यायचे. अर्ज कुठे करायचा तेवढं सांगा, मी सोमवारीच राजीनामा देतो. (हलके घ्या.)

वरणफळ

मस्त धागा! मी इंग्लंडमध्ये राहते, कँटरबरीपासून गाडीने तासभर. इथे पन्नाशीच्या पुढच्या कुणाजवळही 'बॅगपस' म्हणा आणि चेहरा बघा. आपल्याकडे 'चिमणराव' म्हटल्यावर होतो तसा.

बॅगपस म्हणजे याच जोडीच्या दुसऱ्या मालिकेतलं, जुन्या वस्तूंच्या दुकानातलं गुलाबी-पांढऱ्या पट्ट्यांचं जाडं, झोपाळू, कापडी मांजर. खरं तर ते पिवळट-नारिंगी व्हायचं होतं. कापड रंगवताना चूक झाली आणि गुलाबी आलं. तेच ठेवलं! मालिकेचे भाग किती असतील? फक्त १३. १९७४ साली आलेले. पण हेच तेरा भाग बीबीसी वर्षानुवर्षं फिरवून फिरवून दाखवत राहिली, आणि १९९९च्या एका मतदानात प्रेक्षकांनी बीबीसीचा सर्वांत लाडका बालकार्यक्रम म्हणून यालाच निवडलं.

सुरुवातीला जुन्या तपकिरी फोटोंत एक छोटी मुलगी दिसते, एमिली. ती फर्मिनचीच लेक. दुकानाची खिडकीही त्यांच्याच घराची. सगळा घरचा मामला.

आणि १९८७ साली केंट विद्यापीठाने पोस्टगेटला मानद पदवी दिली, तेव्हा तो म्हणाला की ही खरी बॅगपसची आहे. मग बॅगपसला पदवीदानाचा झगा घालून मांडून ठेवलं होतं. मी त्याला कँटरबरीत काचेआड बसलेला पाहिलाय. वाटतो त्यापेक्षा बराच थोराड आहे, आणि कापड अगदी आजीच्या गोधडीसारखं मऊ पडलंय.

भातुकली

घासलेट यांनी आयडी घेऊन हाक मारल्यासारखं वाटलं म्हणून आले. :)

मी हे काम बारा वर्षं केलंय, आधी मुंबईत, आता पुण्यात. लहान मुलांच्या वाहिनीसाठी दोन छोट्या मालिका, बाकी जाहिराती. चिंचोका, लेख छान, पण त्या 'दिवसाला दोन मिनिटं' या वाक्याशी जरा थांबू या, नाहीतर तुमच्या लेकीची फसवणूक होईल.

तो वेग मुख्यतः पुठ्ठ्याच्या कामाचा. 'आयव्हर द एंजिन' आणि 'नॉगिन द नॉग' या त्यांच्या १९५९च्या मालिका सपाट होत्या. कापलेल्या चित्रांचे तुकडे टेबलावर पसरायचे, वरून कॅमेरा, आणि तुकडे सरकवायचे. तिथे बाहुली पडत नाही, मान लटकत नाही, सावलीचं गणित नाही. शिवाय पोस्टगेटचं निवेदन इतकं भरलेलं असायचं की चित्र कितीतरी वेळ जागचं हलायचंच नाही. इंजिन डोंगरासमोर उभं आहे, हा माणूस गोष्ट सांगतोय, वाफेचा आवाजही स्वतःच्याच तोंडाने काढतोय. न हलणारी फ्रेम फुकटात पडते! ही त्याची खरी हुशारी. हात जितकं देऊ शकतात तितकंच चित्रात मागायचं, बाकीचं आवाजावर टाकायचं.

उभ्या बाहुलीचं गणित वेगळं. टीव्हीला सेकंदाला २५ फ्रेम. आम्ही 'दोन-दोनवर' काम करतो, म्हणजे एक हालचाल दोन फ्रेम धरायची. तरी सेकंदाला बारा-तेरा वेळा बाहुलीला हात लागतो. चांगल्या सेटवर, सगळं सुरळीत असलं तर, दिवसाला दहा-बारा सेकंद निघतात. दोन पात्रं असली की त्याच्या निम्मे.

आणि पोस्टगेट फिल्मवर काम करत होता हे विसरू नका. मला मॉनिटरवर आधीची फ्रेम फिकट होऊन दिसते, त्यावर आत्ताची ठेवून हात किती सरकवला ते कळतं. त्याला काहीच दिसत नव्हतं. रीळ लॅबमध्ये धुऊन येईपर्यंत मागचं सगळं डोक्यात ठेवायचं. हात वर जातोय, पाचवी फ्रेम झाली, डोकं अजून वळायचंय... आणि तेवढ्यात कोणी 'चहा घेणार का?' विचारलं की गेलं.

जुनाटपेटी

भातुकलीताई, सविस्तर प्रतिसादाबद्दल आभार.

जाता जाता, या विद्येत आपण मागून आलेलो नाही. दादासाहेब फाळक्यांनी १९१२ साली इंग्लंडहून विल्यमसन कॅमेरा आणला, पण त्यांच्या चित्रपटाला पैसे कोण देणार? म्हणून त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, कॅमेरा समोर रोवला, आणि महिनाभराहून अधिक काळ थोडं थोडं चित्रण करत राहिले. पडद्यावर वाटाण्याला कोंब फुटून वेल भराभर वर चढताना दिसला. ती 'अंकुराची वाढ'. हे पाहून भांडवल देणारा मिळाला आणि १९१३ला 'राजा हरिश्चंद्र' आला. म्हणजे भारतीय सिनेमाचं भागभांडवल एका वाटाण्याने उभं केलं असं म्हणायला हरकत नाही.

पुढे 'आगकाड्यांची मौज' म्हणून एक छोटी फिल्म त्यांनी केली, काड्यापेटीतल्या काड्या एकेक फ्रेम सरकवून. चिंचोका, लेकीच्या हातात मोबाईल आणि मूठभर वाटाणे द्या. आगकाड्या नकोत.

तिरफळ

मी जरा उलटं बोलतो, राग मानू नका. हे सगळं 'अहाहा, गोठ्यातली निर्मळ कला' छापाचं कौतुक बाहेरच्यांना सोपं असतं. आठवणींचा गहिवर काढून टाकला तर क्लँगर्समध्ये काय उरतं? पात्रं संथ, गोष्ट एवढीशी, बोलणं म्हणजे शिट्ट्या. माझ्या भाच्याला दाखवलं, दुसऱ्या मिनिटाला उठून गेला. बाजार बदलला, यात कुणाचा काय दोष?

चिंचोका

तिरफळ, शिट्ट्यांबद्दल बोललात म्हणून सांगते. त्या उगाच वाजवलेल्या शिट्ट्या नाहीत. पोस्टगेटने प्रत्येक क्लँगरचे संवाद आधी चक्क इंग्रजीत लिहिले होते. मग दांडा मागेपुढे करून सूर वरखाली करता येतो त्या शिट्टीवर, वाक्याच्या चढउतारासकट, ते 'म्हटले'. एका ठिकाणी दार अडकतं आणि मोठा क्लँगर वैतागून शिवी घालतो. संहिता वाचून बीबीसीत गडबड उडाली, मुलांच्या कार्यक्रमात हा शब्द कसा चालेल? पोस्टगेट म्हणाला, अहो, पण ऐकू शिट्टीच येणार आहे! शिवी शिट्टीतून तशीच प्रक्षेपित झाली.

आमच्या घरी पडताळा घेतलाय. लेकीला विचारलं, आत्ता काय म्हणाला तो? ताडकन म्हणाली, "मेलं हे दार परत अडकलं." 'मेलं' आजीकडून आलेलं.

घासलेट

हसून हसून पुरेवाट! त्या शिट्टीची ऑर्डर दिली. ऑफिसच्या मीटिंगला फार उपयोगी पडेल.

भातुकली

तिरफळ, राग कसला. तुमच्या मुद्द्यात तथ्य आहे, फक्त मी तो दुसऱ्या टोकाला धरते. बाजार बदलला हे पोस्टगेटच्याच वाट्याला आलं. १९८४ला 'टॉटी', १९८६ला 'पिनीज हाउस', आणि मग संपलं. तेव्हा तो साठीचा होता, हात चालत होते, डोकं चालत होतं. काम देणाऱ्यांना मात्र दर काही सेकंदांनी दणका हवा होता, नाहीतर मूल रिमोट दाबेल ही भीती. त्याच्या गोष्टीत दणका नव्हता. मांजर जांभई द्यायचं, मग त्याच्या सोबतची सगळी खेळणी जागी व्हायची, कोणीतरी मोडकी वस्तू आणलेली असायची, ती काय असेल यावर चर्चा व्हायची, मग ती दुरुस्त करून खिडकीत ठेवायची. बस्स.

अर्थात तो काही संतमहंत नव्हता, आणि सगळं गोडगोडही करत नव्हता. १९६५च्या 'द पोगल्स'मध्ये त्याची चेटकीण इतकी भयाण झाली की बीबीसीने ती मालिका गुंडाळायला लावली आणि तीच पात्रं घेऊन चेटकीण वगळून 'पोगल्स वुड' करून घेतलं.

आता करिअरचं. माझं उदाहरण देते, लेकीला नाही तरी आईला उपयोगी पडेल.

आमच्या कामाला काळे कपडे घालतात. फॅशन नव्हे. पांढरा कुर्ता घालून सेटजवळ उभं राहिलं की त्याचा उजेड बाहुलीच्या गालावर पडतो, आणि दर फ्रेमला मी वेगळ्या जागी उभी राहिले तर गाल चमकत-विझत राहतो. फ्रेम घेताना दर वेळी तेवढीच पावलं मागे जाऊन उभं राहायचं. बाहुलीच्या तळव्यात आटे असतात, टेबलाला भोकं, खालून स्क्रू पिळला की ती एका पायावर उभी राहते. चालायचं म्हणजे दर पावलाला टेबलाखाली जाऊन स्क्रू काढायचा, दुसऱ्या भोकात घालायचा. चाळिशीत माझे गुडघे याचेच गेलेत.

पावसाळ्यात प्लायवूड फुगतं. रात्री सोडलेला सेट सकाळी केसभर वर आलेला असतो, पडद्यावर तो केस घराएवढा उडी मारतो. क्लेची बाहुली असली तर दिव्याखाली मऊ पडते आणि तिच्यावर माझ्या बोटांचे ठसे सळसळतात, जिवंत मुंग्यांसारखे.

एकदा एका बिस्किटाच्या जाहिरातीत (नाव सांगत नाही) बाहुला बिस्कीट उचलून तोंडापर्यंत नेतो असा सहा सेकंदांचा शॉट होता. संध्याकाळी सातला सुरू केला, पहाटे साडेतीनला संपवला. मदतनीस पोरगा कोपऱ्यात झोपलेला. डोळे चोळत प्ले केलं. बाहुला सुरेख हलला. आणि त्याच्या डोक्यामागच्या निळ्या आकाशात एक पाल सर्रकन या टोकाकडून त्या टोकाला गेली. पाच फ्रेम. मी रात्रभर बाहुल्याच्या कोपराकडे बघत होते, आणि ती बया पडद्यावर आरामात चालत होती, दर फ्रेमला थोडी थोडी, जणू तिलाही कुणी सरकवतंय. क्लायंटला सकाळी दहाला शॉट हवा होता. पाल कॉम्प्युटरवर पुसली. पण त्यांनी बिस्किटाचं नवं पाकीट आलं म्हणून शॉटच बदलायला सांगितला, आणि आधीच्या रात्रीचे पैसे आजतागायत आलेले नाहीत.

तर करिअर होतं का? होतं, पण एका कामाचं होत नाही. बाहुली बनवता आली पाहिजे, सुतारकाम आलं पाहिजे, दिवे लावता आले पाहिजेत, आणि जाहिराती मिळाल्या नाहीत तर शिकवता आलं पाहिजे. पोस्टगेट-फर्मिनही नाइलाजानेच सगळं स्वतः करत होते, त्यातून ती त्यांची शैली झाली.

जुनाटपेटी

पाल!! _/\_ दंडवत घ्या.

वरणफळ

भातुकली, तुमचं वाचून एक आठवलं. बॅगपसमध्ये गेब्रिएल नावाचा बँजो वाजवणारा बेडूक आहे. त्याची हालचाल बाकीच्यांपेक्षा वेगळी, जास्त सळसळती वाटते. कारण तो फ्रेम-फ्रेम हलवलेलाच नाही. खालून यंत्र लावून त्याला सरळ चालू कॅमेऱ्यासमोर हलवायचे. गाणी लांब होती, एवढी एकेक फ्रेम कोण करणार? थोडक्यात, मास्तरांनीही पळवाटा काढल्या होत्या.

तिरफळ, तुमच्या भाच्यासाठी: २०१५ला क्लँगर्स नव्याने आले. पोस्टगेट २००८मध्ये गेले, पण त्यांचा मुलगा डॅनियल लिहायला होता आणि फर्मिन तेव्हा हयात होते. नव्या मालिकेचं निवेदन विनोदी अभिनेता मायकेल पेलिनचं. कॉम्प्युटरवर करणं सोपं होतं, तरी विणलेल्या बाहुल्याच हलवल्या. त्याच वर्षी बाफ्टा हा ब्रिटिश पुरस्कार मिळाला. वेग जुन्यापेक्षा थोडा जास्त आहे, भाचा कदाचित चार मिनिटं बसेल.

तिरफळ

बघतो. पाच मिनिटं बसला तर इथे येऊन जाहीर माफी मागेन. भातुकली, पैशांचं वाचून वाईट वाटलं. एक शंका: शिकायचं कुठे? नुसतं यूट्यूबवर होतं का?

भातुकली

सुरुवात यूट्यूबवर खुशाल करा. पुढे अहमदाबादची एनआयडी ही डिझाइनची संस्था, किंवा पवईला आयआयटीतलं आयडीसी हे डिझाइनचं केंद्र. दोन्हीकडे अ‍ॅनिमेशन शिकवतात. पण फक्त स्टॉप-मोशनचा, म्हणजे या फ्रेम-फ्रेम हलवण्याच्या कामाचा, असा वेगळा कोर्स समजून जाऊ नका, ते तिथे जाऊन स्वतःच हट्टाने करावं लागतं. मुंबईत स्टुडिओ इकसॉरसने 'टोकरी' नावाची छोटी फिल्म केली आहे, टोपल्या विकणाऱ्या मुलीची. मुंबईचा रस्ता, चाळीतली खोली, सगळं हाताने बांधलेलं. लेकीला ती दाखवा. आपल्यासारखी दिसणारी घरं तिला त्यात सापडतील.

सात वर्षांच्या मुलीला मात्र आत्ता एवढंच सांगा: मोबाईल चिकटपट्टीने घट्ट बांध, खिडकी बंद करून एकच दिवा लाव, आणि आधी वस्तू हलव, मग हात बाहेर काढ, मग फोटो. पहिल्या दिवशी प्रत्येक फोटोत हात येतोच. माझ्याही आला होता.

घासलेट

धागाकर्तीने लेकीच्या पहिल्या सिनेमाचा अपडेट द्यावा ही विनंती. मी शिट्टीसह वाट बघतोय.

चिंचोका

सगळ्यांचे मनापासून आभार. अपडेट देते.

वाटाणे घरात नव्हते, पावटे होते. शनिवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर, पाट उभा करून, त्याला मोबाईल रबरबँडने बांधला. गोष्ट अशी: एक पावटा घरातून बाहेर पडतो, त्याला मित्र भेटत जातात, आणि सगळे मिळून मुंबईला जातात. मुंबई म्हणजे माझा स्टीलचा डबा.

पहिल्या अकरा फोटोंत हात. मग जमलं. भातुकली, तुम्ही म्हणता ते 'मागचं डोक्यात ठेवणं' तिला आपोआप सुचलं, तोंडाने "हा इथे, तो तिथे, हा थांबलाय" असं पुटपुटत होती. मी कॉफी विचारली तर खेकसली. ४८ फोटो झाले, म्हणजे तुमच्या दोन-दोनच्या हिशोबाने चारएक सेकंद. सतरा पावटे डब्यापाशी पोचले होते, आत जायचे बाकी. एवढ्यात आजीने जेवायला हाक मारली, मी म्हटलं, तसंच राहू दे, मग पुढचं कर.

जेवून परत आलो तर टेबल पुसून लख्ख. डबा मांडणीवर. सासूबाई म्हणाल्या, "निवडलेले पावटे कुणी असे उघड्यावर टाकतं का? उद्याच्या उसळीला भिजत घातलेत."

भोकाड. अर्धा तास. मग डोळे पुसून म्हणाली, "चालेल. आता गोष्टीत ते समुद्रात पडले असं दाखवते," आणि मोबाईल घेऊन पावट्यांच्या पातेल्यावर.

घासलेट

उसळ कशी झाली ते सांगितलं नाहीत.